पाव मिलिमीटरची जागा

दाढ ठणकायला लागली की माणसाला ती दाढ नकोशी होते. दिवसभर कशीबशी सोसलेली कळ रात्री आडवं होताच उसळते, पार कानशिलापर्यंत जाते. लवंगेच्या तेलाचा बोळा तासाभरापुरता, मिठाच्या गुळण्या त्याहून कमी वेळ, मग घरात सापडेल ती गोळी. काही घरांत अजूनही दुखऱ्या दाढेवर मिश्री चोळतात. तिने दाढ थोडी बधिर होते, हिरडी सोलवटते आणि तंबाखूची सवय मात्र कायमची जडते. अशी रात्र काढून सकाळी दवाखान्याच्या खुर्चीत बसलेला माणूस एकच म्हणतो, ‘डॉक्टर, उपटून टाका एकदाची.’ त्याला दोष देता येत नाही. पण जन्मभर पुरणारा निर्णय घ्यायला त्या सकाळीइतकी वाईट वेळ दुसरी नसते, कारण तेव्हा दुखणं आणि दाढ या दोन गोष्टी त्याला एकच वाटत असतात. त्या एक नाहीत. दुखतं ते दाताच्या आत. आणि दात असण्याचा जो काही लाभ आपल्याला होतो, त्याचा फार मोठा भाग असतो दाताच्या बाहेर, मुळाभोवतीच्या जेमतेम पाव मिलिमीटरच्या जागेत. किडलेला, तुटलेला दात शक्य तोवर वाचवावा असं मी म्हणतो ते प्रामुख्याने या जागेसाठी.

आधी आतलं बघू. दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्यातला ९६ टक्क्यांच्या आसपास भाग खनिजांचा असतो. पण एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतो तेव्हाच संपतात, त्यामुळे कीड लागून खड्डा पडला की तो आपला आपण भरून येत नाही. एनॅमलखाली डेंटिन आणि डेंटिनच्या पोकळीत पल्प: रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ पेशीजाल, ज्याला आपण सरसकट नस म्हणतो. कीड इथवर पोचली की पल्पला सूज येते. शरीरात इतरत्र सूज आली तर कातडी ताणली जाते, जागा होते. इथे चारी बाजूंना कठीण भिंती. आतला दाब चढत जातो, आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा जोर त्यात भर घालतो आणि रात्र असह्य होते. मग एक दिवस दुखणं अचानक थांबतं. घरातले सुटकेचा श्वास टाकतात, पण बहुतेक वेळा तेव्हा पल्प मेलेला असतो आणि जंतू मुळाच्या टोकातून हाडाकडे निघालेले असतात. रूट कॅनलमध्ये हा रोगट पल्प काढून टाकतात, आणि तो काढला म्हणजे दात मेला, आता तो तोंडात नुसता उभा आहे, असं शिकलेली माणसंही समजतात. पल्पचं सर्वांत मोठं काम दात घडवण्याचं असतं. दात उगवल्यावरही त्याचं मूळ पूर्ण लांबीचं व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. ती लांबी आणि मुळाच्या भिंतींची जाडी पल्पमुळे येते. मोठ्या माणसाच्या पूर्ण वाढलेल्या दातात हे काम उरकलेलं असतं. पल्प जिवंत राहिला तर चांगलंच. तो आतून थोडंफार नवं डेंटिन घालतो, थंड-गरम सांगतो, आणि हल्ली सूज मर्यादित असेल तर त्याचा निरोगी भाग राखण्याचाही प्रयत्न होतो. पण त्याच्यावाचून दात राहू शकतो.

राहतो तो मुळाच्या बाहेरच्या अंगाने. मूळ आणि जबड्याचं हाड एकमेकांना चिकटलेले नसतात. त्यांच्यामध्ये एक अतिशय अरुंद फट असते, ०.१५ ते ०.३८ मिलिमीटर रुंदीची, आणि ती फट हजारो तंतूंनी भरलेली असते. हे पेरिओडॉन्टल लिगामेंट. तंतूंचं एक टोक मुळावरच्या थरात रोवलेलं, दुसरं हाडात, आणि बरेचसे तंतू तिरपे. त्यामुळे दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसून पाळण्यासारखा टांगलेला असतो. चावताना दात खाली दाबला गेला की तंतू ताणले जातात आणि हाडावर दाबाऐवजी ओढ पडते. या लिगामेंटला स्वतःचा रक्तपुरवठा आहे, बराचसा आजूबाजूच्या हाडातून येणारा. त्याला स्वतःचे मज्जातंतू आहेत, स्वतःच्या पेशी आहेत, त्या सतत तंतू तोडत आणि नव्याने विणत असतात. पल्प काढला तरी यातलं काहीही थांबत नाही. रूट कॅनल केलेल्या दातावर चावल्यावर चावल्याची जाणीव होते ती यामुळेच.

हे कागदावरचं शरीरशास्त्र नाही, याचा पुरावा अपघातात मिळतो. खेळताना किंवा दुचाकीवरून पडून एखाद्या मुलाचा पुढचा कायमचा दात मुळासकट बाहेर येतो. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर पल्पचा रक्तपुरवठा तुटला तो तुटलाच; पुढे रूट कॅनल करावं लागणार हे नक्की असतं. तरीही तो दात पुन्हा खोबणीत बसवता येतो आणि वर्षानुवर्षं टिकू शकतो. टिकेल की नाही, हे ठरतं मुळाच्या पृष्ठभागावर चिकटून आलेल्या लिगामेंटच्या पेशी जिवंत आहेत की नाहीत यावर. म्हणून अशा वेळी दात वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, मुळाला बोट लावायचं नाही, घासायचं तर मुळीच नाही. माती असेल तर क्षणभर पाण्याने किंवा दुधाने धुवायचा आणि जमलं तर तिथल्या तिथे खोबणीत परत बसवून दंतवैद्याकडे धाव घ्यायची. बसवता आला नाही तर पेलाभर दुधात बुडवून न्यायचा, कारण दुधात या पेशी काही तास तग धरतात. रुमालात किंवा कागदात कोरडा गुंडाळून आणलेला दात तासाभरात या पेशी गमावून बसतो. असा दात बसवला तरी हाड त्याला थेट चिकटतं आणि पुढच्या काही वर्षांत त्याचं मूळ हळूहळू झिजवून तिथे हाडच तयार करतं. (दुधाचा दात असा पडला तर तो परत बसवत नाहीत, खालच्या कायमच्या दाताला इजा होते.) दोन्ही दातांत पल्प मेलेलाच, पण एक राहतो आणि दुसरा विरघळतो. फरक त्या पाव मिलिमीटरचा.

या लिगामेंटकडून आपल्याला रोज काय मिळतं, ते एकदा लक्ष देऊन पाहण्यासारखं आहे. भाकरीच्या घासात खडा आला तर जबडा अर्ध्यात थांबतो. विचार करायच्या आत थांबतो. वरखालच्या नैसर्गिक दातांमध्ये धातूची अतिशय पातळ पट्टी धरून केलेल्या चाचण्यांमध्ये माणसांना सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग, एवढी जाडीही जाणवते असं आढळलं आहे. इम्प्लांटवर, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम दातावर, चावताना हीच जाडी सुमारे ५० मायक्रॉन व्हावी लागते आणि संपूर्ण कवळीवर सुमारे १००. कवळी लावणाऱ्याचा चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या मानाने पाव-एक उरतो. भाजलेले शेंगदाणे, उसाचं कांडं, कडक भाकरीची कड ही ताटातून एकेक करून जातात ती त्यामुळे. आणि हाडाचं काय होतं? मुळाभोवतीचं हाड हे दातासाठी असतं. दात गेला की त्या हाडाला राहण्याचं कारण उरत नाही. दाढा आणि उपदाढा काढलेल्या रुग्णांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभरात त्या जागच्या हाडाची रुंदी निम्म्याने घटलेली दिसली, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांत झाली होती. पुढे शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरचा दात पोकळीत उतरू लागतो. कुणाचे जास्त, कुणाचे कमी. पण हाड झिजायचं काही चुकत नाही. सगळे दात गेलेल्या म्हाताऱ्या माणसाची हनुवटी नाकाकडे सरकलेली आणि गालफडं आत गेलेली दिसतात, ते नुसतं वय नसतं.

मग इतकी वर्षं दात काढण्यावर एवढा विश्वास का राहिला? एक कारण उघड आहे: दुसरं काही करता येत नव्हतं. सुश्रुतसंहितेत ज्या दाताशी नाडीव्रण, म्हणजे पू वाहणारं छिद्र, झालं आहे तो दात काढावा असं सांगितलं आहे. पण त्याच चिकित्सास्थानात पुढे इशारा येतो की वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये. फार रक्त जातं, डोळा अधू होतो, तोंड वाकडं होतं. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ हा आजही गावोगाव ऐकू येणारा समज इतका जुना आहे. वरची दाढ काढल्याने नजर जात नाही, हे स्पष्ट सांगायला हवं, कारण या भीतीपायी लोक दाढ वाचवत नाहीत, नुसतं दुखणं अंगावर काढत राहतात, आणि तोवर वाचवण्याजोगं काही उरत नाही. युरोपात पिएर फोशार याने १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला तेव्हा पू झालेला दात उघडून पू वाहून जाऊ द्यावा, हा उपचार त्यात होता. एकोणिसाव्या शतकात बारीक अवजारं आली, १८६४ साली न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नमने दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा वापरात आणला, मलायातल्या झाडाचा गटापर्चा नावाचा चीक मुळाच्या नळीत भरायला सुरुवात झाली. दात वाचवण्याची विद्या मार्गी लागत होती आणि नेमकी तेव्हाच तिच्यावर सर्वांत मोठा घाला आला.

१९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण करून रोगट मुळांवर बसवलेल्या सोन्याच्या टोप्यांना आणि पुलांना जंतूंची आगारं ठरवलं. अस्वच्छ दंतकामाबद्दलचा त्याचा राग रास्त होता. पण त्यातून अमेरिकेत जी लाट उठली तिने प्रत्येक मृत पल्पच्या दाताला आरोपी केलं. सांधेदुखी, मूत्रपिंडाचे विकार, हृदयरोग, थकवा, सगळ्यांचं मूळ कुठेतरी दातात किंवा टॉन्सिलमध्ये दडलेलं आहे असं सांगितलं जाऊ लागलं. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयात हेन्री कॉटन हा अधीक्षक वेड बरं करण्यासाठी रुग्णांचे दात काढत असे आणि त्याने गुण आला नाही तर टॉन्सिल, मग आतड्याचा भाग. त्या शस्त्रक्रियांत अनेक माणसं दगावली. या सगळ्यात लक्षावधी लोकांचे धड दात गेले. शेवटी हिशेब मांडला तो डॉक्टरांनीच. रसेल सेसिल हे संधिवाताचे नामांकित तज्ज्ञ सुरुवातीला या मताच्या बाजूचे होते. १९३८ साली त्यांनी एका सहकाऱ्यासह संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला आणि दात-टॉन्सिल काढून संधिवात बरा होत नाही असं लिहिलं. स्वतःच्या जुन्या मताविरुद्ध आकडे मांडायला जे धैर्य लागतं, त्याबद्दल मला या माणसाविषयी आदर वाटतो.

तरी हा आक्षेप अजून जिवंत आहे. ‘मेलेला दात तोंडात ठेवला तर त्याचं विष शरीरभर पसरतं’ असे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात, म्हणून त्याला नेमकं उत्तर द्यायला हवं. अमेरिकेत बेथेस्डा इथे काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग दिसायला साधा आहे. काही उंदीर नेहमीसारखे वाढलेले, काही जन्मापासून पूर्ण जंतुरहित वातावरणात वाढवलेले. दोन्ही गटांच्या दाढा कोरून पल्प उघडा केला आणि तसाच सोडला; उंदीर त्याच दाढांनी खात राहिले, उघड्या पल्पमध्ये अन्नाचे कण भरत राहिले. साध्या उंदरांचा पल्प सडला, मुळाशी गळू झालं. जंतुरहित उंदरांमध्ये मात्र काही आठवड्यांत उघड्या पल्पवर नव्या डेंटिनचं झाकण तयार झालं, अन्न अडकलेलं असूनही. रोग घडवतात ते जंतू; उघडा पडलेला किंवा पल्प नसलेला दात आपण होऊन विष तयार करत नाही. म्हणून प्रश्न ‘दात ठेवायचा की काढायचा’ असा नसून ‘आतले जंतू घालवता येतात का आणि परत शिरण्यापासून रोखता येतात का’ असा आहे. त्याचं उत्तर बहुतेक दातांत होय असं देता येतं.

ते कसं, हे जवळून पाहिलं तर रूट कॅनलची भीती कमी होते. भूल दिल्यावर दाताभोवती तो रबरी पडदा बसतो. त्याला एकच भोक, त्यातून एकच दाढ वर आलेली. लाळ आत नाही, औषध घशात नाही. दाढेच्या माथ्यावरून आत शिरल्यावर पल्पच्या खोलीचा तळ दिसतो आणि त्या तळावर नळ्यांची तोंडं, टाचणीच्या टोकाएवढी. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन असतात, पण बहुतेकांत नळ्या चार. चौथी गालाकडच्या पुढच्या मुळातच, पहिलीच्या शेजारी लपलेली. ती सापडली नाही तर तीन नळ्या कितीही सुबक भरल्या तरी दाढ पुढे बोलायला लागते. म्हणून चांगला दंतवैद्य तिथे वेळ घालवतो, भिंग किंवा सूक्ष्मदर्शक वापरतो, तळावरच्या गडद रेषेचा माग काढतो. नळीत जाणाऱ्या पहिल्या फाइलचं, म्हणजे बारीक कानशीचं, टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं किंवा त्याहूनही बारीक असतं. जंतू मारण्याचं खरं काम मात्र फाइल करत नाही. ते करतं सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, कपडे शुभ्र करणाऱ्या ब्लीचमधलंच रसायन, ज्याचा उग्र वास त्या खोलीत दरवळत असतो. शेवटी नळ्या गटापर्चाने घट्ट बंद करतात. यात भूल नीट चढली असेल तर दुखत नाही. लोक ज्या वेदनेची आठवण सांगतात ती बहुधा आदल्या रात्रीची असते.

आणि इथेच आपल्याकडे सर्वांत मोठी चूक होते. दुखणं थांबलं की लोक कॅप बसवायला येत नाहीत. ‘आता काही त्रास नाही, पुढच्या महिन्यात बघू.’ पण किडीने आणि उपचारासाठी कोरल्याने पोखरलेली दाढ वरून उघडी राहिली, तर एखाद्या दिवशी सुपारीवर किंवा हाडावर पडून उभी चिरते, आणि मुळातून उभी चिरलेली दाढ सहसा काढावीच लागते. अमेरिकेत विमा असलेल्या रुग्णांच्या १४,६२,९३६ रूट कॅनल केलेल्या दातांचा पाठपुरावा २००४ साली प्रसिद्ध झाला. आठ वर्षांनंतर त्यातले ९७ टक्के दात तोंडात होते. जे काढावे लागले त्यांची तपासणी केली तेव्हा ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. तोंडात टिकलेला प्रत्येक दात मुळाशी पूर्ण बरा झाला होता असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही, ते मान्य. एक्स-रेवरचे निकष कडक लावले तर यशाचं प्रमाण याहून कमी येतं. पण चावायला उपयोगी पडणारा दात तोंडात राहिला का, या रुग्णाच्या प्रश्नाला दिलेलं हे उत्तर फार मोलाचं आहे.

इम्प्लांट असताना जुन्या दातामागे का लागायचं, हा आजचा सर्वांत वजनदार आक्षेप. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडावर काम करताना टायटॅनियम आणि हाड एकजीव होतात हे दिसलं आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णावर दाताचे इम्प्लांट बसवले. दात गमावलेल्या माणसाला त्यांनी जे दिलं ते अपूर्व आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण इम्प्लांट हे गेलेल्या दाताची भरपाई आहे. असलेल्या दाताचा पर्याय म्हणून ते समोर ठेवलं जातं तेव्हा तुलना नीट करायला हवी. किती काळ तोंडात टिकतात एवढंच पाहिलं तर रूट कॅनल करून कॅप बसवलेला दात आणि एकट्या दाताचं इम्प्लांट यांत विशेष फरक आढळत नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही, हे खरं. पण त्याच्याभोवतीच्या हाडाला जंतुसंसर्ग होतो, आणि २०१५ च्या एका आढाव्यात इम्प्लांट असलेल्या साधारण पाचांतल्या एका रुग्णात तो आढळल्याचा अंदाज दिला आहे. लिगामेंट नसल्यामुळे तो संसर्ग थेट हाडाशी भिडतो. वाढत्या वयातल्या मुलांना इम्प्लांट बसवत नाहीत तेही याच कारणाने: जबडा वाढतो, शेजारचे दात त्याच्याबरोबर सरकतात आणि हाडाला घट्ट चिकटलेलं इम्प्लांट जागच्या जागी मागे राहतं. शिवाय दात वाचवण्याचा प्रयत्न फसला तर पुढे बहुधा इम्प्लांट करता येतं. उलट दिशेने जाता येत नाही.

पैशाचा आक्षेप मात्र मला सगळ्यांत अवघड वाटतो, आणि तो करणाऱ्याला शरीरशास्त्र ऐकवून चालणार नाही. दाढ काढायला काही शे रुपये आणि एक खेप. रूट कॅनल आणि कॅपला काही हजार आणि तीन-चार खेपा, प्रत्येक खेपेला बुडालेला रोज. बहुतेक आरोग्यविमे दातांचा नेहमीचा उपचार धरतच नाहीत. मोकळ्या जागेचा पुढचा खर्च धरला तर काढणं स्वस्त नाही, हे खरं आहे: ब्रिज बसवायचा तर दोन्ही बाजूंचे धड दात तासावे लागतात, आणि इम्प्लांट त्याहून महाग. पण ज्याच्या हातात आज हजार रुपये नाहीत त्याला पाच वर्षांनंतरचा हिशेब सांगून काय उपयोग? मोकळी जागा तशीच ठेवून तो जगेल, आणि लाखो लोक तसेच जगत आहेत. म्हणून ही गोष्ट एकेकट्या माणसाच्या शहाणपणावर सोडून देणं मला पटत नाही. मुंबईत नायर आणि शासकीय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे हे उपचार खासगी दवाखान्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत होतात. रांगा लागतात, खेपा वाढतात, पण होतात. मात्र चंदगडच्या किंवा धडगावच्या माणसाला तिथवर चार वेळा येणं शक्य नाही. तालुक्याच्या ठिकाणी दात काढून मिळतो आणि वाचवून मिळत नाही, तोवर त्याने निवड केली असं म्हणणंच चुकीचं आहे. खेड्यात करता येण्याजोगं काम आहे ते त्याच्या कितीतरी आधीच्या टप्प्यावरचं. १९८० च्या दशकात टांझानियात, वीज आणि ड्रिल नसलेल्या जागी, केवळ हातातल्या अवजारांनी मऊ कीड खरवडून काढून चिकटणारं सिमेंट भरण्याची पद्धत उभी राहिली. बहुतेक वेळा भूलही लागत नाही. छोट्या खड्ड्यासाठी ती चांगली टिकते आणि शाळेच्या वर्गात, बाकावर मुलाला झोपवून करता येते. दाढ वाचवण्याचा सर्वांत स्वस्त दिवस तो असतो.

प्रत्येक दात वाचवावा असं मात्र मी म्हणत नाही. उभी चिरलेली मुळं, हाडाखालपर्यंत तुटलेला दात, आधाराचं हाड जवळजवळ संपून लोंबकळणारा दात, आडवी अडकून पुन्हा पुन्हा सुजणारी अक्कलदाढ, यांच्यासाठी हट्ट धरणं म्हणजे रुग्णाला उगीच पैशात आणि दुखण्यात घालणं. काही वेळा परिस्थितीच निर्णय फिरवते. तंबाखू-गुटख्याने आपल्याकडे तोंडाचा कर्करोग फार. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे तरी तो मिळतोच. अशा रुग्णाच्या जबड्यावर किरणोपचार करायचे असतील तर शंकास्पद दात आधीच काढून जखमा भरू देतात. कारण किरणोपचारानंतर त्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तेव्हा दात काढला तर जखम भरत नाही आणि हाड सडू शकतं. त्याच रुग्णाची दाढ नंतर किडली तर तिचा वरचा भाग पूर्ण गेलेला असला तरी मुळांचं रूट कॅनल करून ती जागच्या जागी ठेवणंच पसंत करतात. तोच माणूस, तीच दाढ. दोन निर्णय, आणि दोन्ही बरोबर. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी: बत्तीसच्या बत्तीस दात नसले तरी चालतं. नेदरलँड्सच्या आर्न्ड कायझर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दाखवून दिलं की पुढचे दात आणि उपदाढा धरून वीसेक दात शाबूत असतील तर बहुतेक माणसं नीट खातात. जपानने हाच आकडा घेऊन १९८९ साली ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात ही मोहीम सुरू केली. १९९० च्या दशकात ऐंशीच्या आसपासच्या दहांतल्या एकालाच ते जमत होतं. २०१६ च्या पाहणीत हे प्रमाण निम्म्याच्या पुढे गेलेलं होतं. म्हणजे एखादी मागची दाढ गेल्याने आभाळ कोसळत नाही. मात्र वीस उरायचे तर पंचविशीत, तिशीत एकेक सोडून देता येत नाही.

आणि हे सगळं सुरू होतं पंचविशीच्या फार आधी, सहाव्या वर्षी. मुलांच्या दुधाच्या दाढेला कीड लागली की ‘पडणारच आहे ती’ म्हणून सोडून देतात किंवा काढून टाकतात. दुधाची मागची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत राहायची असते. ती पाचव्या वर्षी गेली तर पाठीमागून येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि गेलेल्या दाढेखालच्या दाताची जागा खाऊन टाकते. त्याहून जास्त नुकसान होतं ते ही मागची कायमची दाढ ओळखू न आल्याने. ती सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे उगवते, तिच्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे आईवडील तिलाही दुधाचीच समजतात. तिच्या माथ्यावरच्या घळी खोल असतात, त्यात बिस्किटाचा लगदा अडकून राहतो, आणि मुलगा चौथी-पाचवीत जाईपर्यंत ती आतून पोखरलेली असते. मुलाचं तोंड उघडून मधल्या रेषेपासून मागे मोजत जावं: सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात पाच दात दुधाचे, आणि सहावा जो असेल तो कायमचा.